कापड देऊ का?

बाबांना मारणारा माणूस आज आपली गाडी न्यायला येणार होता, आणि भावाने सकाळपासून गॅरेजचं शटर अर्धंच वर केलं होतं.

"पूर्ण उघड ना," ती म्हणाली. "वारा येईल जरा."

"वाकून येऊ दे त्याला," भाऊ म्हणाला. "वाकून आत आला की मान आपोआप पुढे येते."

टायरमध्ये हवा किती भरायची ते सांगावं, इतक्या सहज त्याने हे सांगितलं. शेजारच्या गाळ्यात त्याचं टायरचं दुकान होतं. रिमवरून टायर उचकटायची हातभर लांब लोखंडी दांडी, जिला सगळे टॉमी म्हणतात, ती त्याच्या मांडीवर आडवी पडली होती. मधूनमधून तो तिच्यावरून तळवा फिरवायचा. सात आठवडे झाले, त्याने दाढी केली नव्हती. घरात धड दोन वाक्यं बोलला नव्हता. काल मात्र त्या माणसाला जामीन मिळाला, पोलिसांनी गाडी सोडल्याचा कागदही आला, आणि हा पोटभर जेवला.

गाडी मागच्या भिंतीशी उभी होती. मागची बाजू आत गेलेली, डावीकडचं दार कापून काढलेलं. खाली फरशीवर बाबा जिथे पडले होते तो भाग तिने तीनदा घासला होता. तेलाचे डाग निघाले, म्हणून तेवढाच तुकडा आता बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता.

तिला भावाला एकच गोष्ट सांगायची होती. ती आज सांगितली नाही, तर त्या फरशीवर आणखी एक माणूस पडणार होता, आणि भाऊ उरलेलं आयुष्य तुरुंगात काढणार होता. सांगितली तर काय होईल, हे तिला ठाऊक नव्हतं. सात आठवडे ती रोज उठून ठरवायची आणि रोज शब्द गिळायची.

गोष्ट गिअरबॉक्सच्या तेलाची होती.

ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीचं ते तेल बदलायचं का, आणि बदलायचं तर किती दिवसांनी, यावर त्या रस्त्यावरच्या सहा गॅरेजांची सहा मतं होती. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात छापलेलं असायचं, की हे तेल आयुष्यभरासाठी आहे, हात लावू नका. बाबा ते वाक्य गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "आयुष्यभर म्हणजे कुणाच्या हो? गाडीच्या, तुमच्या, की हे लिहिणाऱ्या साहेबांच्या?" त्यांचा हिशोब साधा होता. साठ हजार किलोमीटर झाले की बदला. मग पुन्हा साठ हजारांनी. कुरकुर नको.

खरी अडचण यायची ती दीड-दोन लाख पळालेल्या, एकदाही तेल न बदललेल्या गाड्यांची. अशा गाडीचं तेल काळंच निघतं. पण काळं तेल दोन प्रकारचं असतं. एक नुसतंच जुनं. ते थोडं थोडं करून बदलता येतं. दुसरं जळलेलं. म्हणजे आतल्या क्लच प्लेटा झिजून त्यांचा भुगा तेलात मिसळलेला असतो, आणि प्लेटांची जी काही पकड उरलेली असते ती त्या घाणेरड्या भुग्यामुळेच. तिथे नवं स्वच्छ तेल घातलं, की भुगा धुऊन जातो, प्लेटा घसरतात आणि गाडी भर रस्त्यात जीव सोडते. अशा गाडीला हात लावायचा नाही. "आहे तशी हळू चालवा, चढ टाळा, आणि पुढच्या गाडीचं बघा," असं हात जोडून सांगायचं.

डोळ्यांना दोन्ही तेलं सारखीच दिसतात. फरक फक्त वासात असतो.

आणि वासाच्या बाबतीत बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, नाकाखालून एकदा न्यायची आणि निकाल द्यायचा. लोक त्यांना नाकवाले म्हणायचे. लांबलांबून यायचे. दुसऱ्या गॅरेजचे मिस्त्रीसुद्धा बाटलीत तेल घेऊन यायचे आणि शरमत विचारायचे, "नाकवाले, जरा बघता का?"

दोन वर्षांपूर्वी बाबांना ताप आला. ताप गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. अत्तर कळेना, रॉकेल कळेना, गॅसवर दूध करपलेलं कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. वास काही परत आला नाही. बाबांनी ही गोष्ट फक्त तिला सांगितली. ती गॅरेजची बिलं, फोन आणि सामान बघायची, दिवसभर तिथेच टेबलाशी असायची. मुलाला सांगितलं नाही. "त्याच्या तोंडाला कुलूप नाही," म्हणाले. "उद्या रस्ताभर होईल, नाकवाल्यांचं नाक कापलं गेलं."

मग दोघांनी मिळून एक युक्ती काढली. बाबा नेहमीसारखी पट्टी ओढायचे, नाकाखालून न्यायचे, चेहरा गंभीर करायचे आणि "धर जरा" म्हणून तिच्या हातात द्यायचे. तिने वास घ्यायचा, कुणाला कळू न देता. जळका असेल तर विचारायचं, "चहा सांगू का?" नसेल तर विचारायचं, "कापड देऊ का?" चहा म्हणजे हात लावू नका. कापड म्हणजे खुशाल बदला. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालंही, "तुमची मुलगी चहाला फार विचारते हो, पण येत कधीच नाही." त्या दिवशी घरी जाईपर्यंत बाबा हसत होते.

हा माणूस आला तेव्हा त्याच्या गाडीने एक लाख सत्तर हजार किलोमीटर ओढले होते, आणि तेलाला कुणी शिवलेलं नव्हतं. भाड्याने गाडी चालवायचा. सकाळ-संध्याकाळ बायकोला टेकडीवरच्या शाळेत सोडायचा आणि आणायचा, ती तिथे शिकवायची. "कुणी म्हणतं बदल, कुणी म्हणतं बदलशील तर मरशील," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल ते."

बाबांनी पट्टी काढली, नाकाखालून नेली आणि तिच्या हातात दिली. ती टेबलाशी वाचत बसली होती. डोळा पानावर होता, दोनच ओळी राहिल्या होत्या. पट्टी तिरकी झाली, काळं तेल ओघळलं आणि पुस्तकाच्या पानावर, तिच्या मांडीवर थेंब पडले.

"अहो बाबा, कापड द्या ना!" ती म्हणाली.

तिला कापड हवं होतं. इतकंच. बाबांनी मान डोलावली, कापड तिच्याकडे फेकलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "बदलू या."

ती मांडी पुसत बसली. पान पुसत बसली. पाचएक मिनिटांनी गाडीखालून तेल टबात पडायला लागलं आणि तो वास आपसूक टेबलापर्यंत आला. जळलेल्या केसांसारखा, घशात बसणारा. तिने मान वर केली. टब अर्धा भरला होता. गिऱ्हाईक बाबांच्या शेजारी उकिडवं बसून कौतुकाने बघत होतं.

तेव्हाही बोलता आलं असतं. तेल गेलं होतं, पण "चढावर नेऊ नका" एवढं सांगता आलं असतं. मात्र ते सांगायचं, तर त्या माणसासमोर सांगावं लागणार होतं, की या नाकाला काही कळत नाही. संध्याकाळी घरी सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. संध्याकाळी बाबा खुशीत होते. उद्या सांगू. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी दुपारी क्रेन त्या गाडीला मागून ओढत घेऊन आली. शाळेच्या चढावर गाडीची पकड सुटली होती. गाडी मागे घरंगळत गेली आणि एका ट्रकवर आदळली. बायकोचा पाय दार आणि ट्रक यांच्यामध्ये सापडला. मांडीपासून तोडावा लागला. तो माणूस इस्पितळातून थेट गाडीपाशी गेला होता आणि क्रेनवाल्याला म्हणाला होता, "जिथून आणली तिथे ने." क्रेन थांबायच्या आत तो खाली उतरला. कोपरापर्यंत रक्त सुकलं होतं, ते त्याचं नव्हतं. हातात चाकाचा पाना होता.

बाबा हात पुसत पुढे गेले. "काय झालं हो?"

पहिला फटका तोंडावर बसला. दात फरशीवर पडल्याचा आवाज तिने ऐकला. तो बारीक होता, नट पडावा तसा. बाबा गुडघ्यांवर आले. दुसरा फटका नाकावर. "नाकवाला ना तू?" तो माणूस ओरडत होता. "नाकवाला ना? कुठे होतं नाक? कुठे होतं?" आणि प्रत्येक प्रश्नाला पाना खाली येत होता, त्याच जागी, पुन्हा त्याच जागी. तिने त्याच्या पाठीवर तेलाचा डबा आपटला. त्याच्या दंडाला चावली, दात मांसात रुतले, तोंडात खारट रक्त आलं. त्याने तिला न बघता झटकलं, अंगावरचा किडा झटकावा तसं. ती शेल्फवर जाऊन आदळली आणि वरचे पाने, स्क्रू, डबे तिच्या अंगावर कोसळले. बाबांना बोलण्यासारखं तोंडच उरलं नव्हतं. मात्र एक हात त्यांनी तिच्या दिशेने हलवला. आत जा, असा.

भाऊ त्या वेळी दोन गल्ल्या सोडून कुणाच्या तरी गाडीला टायर बसवत होता. पोहोचला तेव्हा तो माणूस पाना मांडीवर ठेवून रॅम्पला टेकून बसला होता, थकलेल्या हमालासारखा. लोकांनी भावाला धरून ठेवलं. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. त्यांना न्यायच्या वेळी चेहरा झाकूनच ठेवावा लागला.

"कधी येणारे तो?" तिने आता विचारलं.

"दहा म्हणालाय. घाई आहे का तुला?"

"दादा, एक सांगायचंय."

"नंतर."

"आत्ताच. बाबांना वास येत नव्हता."

भावाने टॉमी मांडीवरून उचलली आणि पुन्हा ठेवली. "कसला वास?"

"कसलाच. तापानंतर. दोन वर्षं."

तो हसला. सात आठवड्यांत पहिल्यांदाच. "येडी आहेस का छोटे? गटार तुंबलं की सगळ्यात आधी कोण बोंबलायचं? तेच ना?"

"मी नाक दाबायचे, मग ते बोंबलायचे. तेलाचं पण मीच सांगायचे. खुणेने."

त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. तो काही विचारणार, एवढ्यात बाहेर क्रेनचा भोंगा वाजला. भाऊ उठला. शटरच्या आडोशाला भिंतीशी चिकटून उभा राहिला आणि टॉमी खांद्यामागे नेली. शटरखालून दोन पाय दिसू लागले. चपला जुन्या होत्या, आणि एका अंगठ्याला पट्टी बांधलेली.

ती धावली. शटरची कडी दोन्ही हातांनी धरली आणि सगळं बळ एकवटून शटर वर ढकललं. ते खडखडत छताला लागलं आणि तो माणूस न वाकता, ताठ उभा, उन्हात दिसू लागला. भावाचा नेम चुकला. टॉमी मानेवर बसायची ती खांद्यावर बसली. काहीतरी कडकन वाजलं. माणूस एका अंगावर कोसळला.

"अहो, अहो!" क्रेनवाला बाहेरून ओरडला. "मी गाडी ओढायला आलोय, माणूस नाही!"

दुसरा फटका गुडघ्यावर. "पाय!" भाऊ म्हणाला. "बायकोचा एक ना? मग तुझा एक!" तिसरा पुन्हा गुडघ्यावर, आणि आता तिथून जो आवाज आला तो ओला होता. तो माणूस कोपरांवर सरपटत गाडीकडे निघाला. हात वर करत नव्हता, ओरडत नव्हता. तोंडातून फक्त श्वास येत होता, शिट्टीसारखा. भाऊ त्याच्या बरोबरीने पावलं टाकत चालला होता, घाई न करता, पुढचा फटका कुठे द्यायचा ते शोधत.

ती मध्ये उभी राहिली.

"हो बाजूला."

"वास मी घ्यायचा होता. घेतला नाही. पुस्तकावर तेल सांडलं म्हणून मी कापड मागितलं, आणि कापड म्हणजे तेल चांगलं, असं आमचं ठरलेलं होतं. बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवून बदललं."

"बाजूला हो म्हणतोय."

"नंतर मला वास आला. जळका होता. मी चार दिवस तोंड उघडलं नाही, दादा. चढावर नेऊ नका एवढंही नाही."

भावाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गर्दीत हात सुटलेल्या पोराच्या चेहऱ्यावर जे असतं ते होतं. तेवढ्यात टॉमी फिरली. तिने हात आडवा घातला, म्हणून डोकं वाचलं. कोपराच्या खालचं हाड मोडलं आणि हात तिच्या देखत भलतीकडेच वळला. ती बसली. दुखायला अजून सुरुवात झाली नव्हती. टॉमी पुन्हा वर गेली.

खाली आली नाही. फरशीवरच्या माणसाने भावाचे दोन्ही घोटे धरून ओढले होते. भाऊ पाठीवर पडला, डोकं रॅम्पच्या कडेला आपटलं, आणि तो माणूस मोडका पाय मागे ओढत त्याच्या छातीवर चढला. निकामी खांदा लोंबत होता. चांगल्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची बाजू त्याने भावाच्या गळ्यावर टाकली आणि अंगाचा सगळा भार दिला. भावाच्या टाचा फरशीवर घासू लागल्या.

"अकरा फटके," तो माणूस धापा टाकत म्हणाला. "मी मोजले नव्हते. वकिलाने सांगितलं, अकरा मारलेत तुम्ही. मला दोनच आठवतात. तुला किती मारायचेत रे? बहिणीला किती?"

"सोड त्याला," ती म्हणाली.

त्याने मान वळवली. सात आठवड्यांत तिने हा चेहरा मनात हजारदा ठेचला होता. जवळून तो तिच्या आठवणीपेक्षा वयस्कर निघाला.

"तू होतीस?"

"हो."

"वास आला होता तुला?"

"हो."

"चार दिवस मी तिला त्या चढावरून नेत होतो. रोज दोनदा."

भावाचा चेहरा जांभळा पडत चालला होता, टाचांची घासाघीस मंदावली होती. क्रेनवाला दारात येऊन फोनवर पत्ता सांगत होता, तोही चुकीचा. तिला वाटलं, हा आता दादाला मारेल आणि मग मला, आणि या क्रमात मला काहीही चूक काढता येणार नाही.

"माझ्या जबाबात हे नाही," ती म्हणाली. "कुणालाच माहीत नाही. आज सांगते. सगळं लिहून देते. हात काढ."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हात निघाला. दया आली म्हणून, की ताकद संपली म्हणून, हे तिला कधीच कळलं नाही. तो बाजूला कलंडला. भाऊ कुशीवर वळून खोकू लागला, ओकला, आणि तसाच पडून राहिला. तिघं जण हातभर अंतरावर, एकमेकांना न शिवता. मग हाताचं दुखणं आलं, आणि तिने स्वतःचा आवाज ऐकला.

इस्पितळात तिचा हात फळीला बांधून ठेवला होता. भाऊ भिंतीशी खुर्चीवर होता, गळ्याभोवती लाल पट्टा उमटलेला. तो माणूस पडद्यापलीकडे कुठेतरी होता. त्याचा पाय वाचवायचा प्रयत्न चालला होता. हवालदार कागद घेऊन आला. वय झालेला, कंटाळलेला, पण माणूस वाईट नव्हता.

"जिन्यावरून पडली," भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"त्यांना बोलू द्या. कुणी मारलं, बाई?"

"भावाने," ती म्हणाली. "टॉमीने. त्या माणसालाही त्यानेच मारलं, आधी."

भावाने डोळे मिटले.

"कशावरून झालं?"

"तेलावरून."

हवालदाराचं पेन थांबलं. "तेल? स्वयंपाकाचं?"

"गिअरबॉक्सचं. सात आठवड्यांपूर्वीचं. तिथून घ्यावं लागेल."

"ती केस वेगळी, बाई. हा कागद आजच्या मारामारीचा आहे."

"मग दुसरा कागद घ्या. मी तेव्हाच्या जबाबात एक गोष्ट सांगितली नव्हती."

"छोटे," भाऊ म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "गप्प बस. सुटेल तो."

"सुटणार नाही. अकरा फटके त्यानेच मारलेत, मी तेही पुन्हा सांगणार आहे. एकही कमी करणार नाही."

"आणि बाबा? लोक काय म्हणतील माहितीये? दोन वर्षं गंडवत होता म्हणतील. नाव शिल्लक ठेवणार नाही कुणी त्यांचं."

हे तिला माहीत होतं. याच एका कारणासाठी ती चार दिवस गप्प बसली होती, आणि नंतर सात आठवडे. दोन्ही वेळा बाबांचं नाव वाचलं होतं, आणि त्यापायी एक पाय गेला होता, एक जीव गेला होता, आणि आज आणखी एक जाता जाता राहिला होता.

"म्हणू दे," ती म्हणाली.

हवालदाराने पिशवीतून कोरा कागद काढला, घडी सरळ केली, वर तारीख घातली. "सावकाश सांगा. मला गाड्यांतलं फारसं कळत नाही."

तिने वडिलांच्या तापापासून सुरुवात केली. भाऊ उठला आणि दारापर्यंत गेला. दाराची मूठ धरून तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. तिचं बोलणं संपेपर्यंत त्याने ती मूठ फिरवली नाही.